हप्ता भाडेकरू भरेल म्हणे! जरा हिशोब करून बघा

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, "भाड्यासाठी स्वतः घर बांधा, बँक सगळे पैसे देते, हप्ता भाडेकरू भरतो, वीस वर्षांनी घर फुकटात तुमचं." लोक हा वाचून खरंच जागेचा टोकन देऊन बसतात म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो.

"बँक सगळे पैसे देते." नाही देत. तयार फ्लॅटला एका चेकमध्ये काम होतं, बांधकामाला तसं नसतं, पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात. पाया झाला, स्लॅब पडला, भिंती उभ्या राहिल्या, मग फिनिशिंग, आणि बहुतेक वेळा आधी तुमचा वाटा घाला मग आमचा असं सांगतात. खरी अडचण पुढेच आहे. कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स आज पाहिजे असतो आणि बँकेचा माणूस येऊन बघणार ते काम झाल्यावर, मग रिपोर्ट जाणार मग पैसे येणार, तोवर मटेरियल आणि मजुरी कुठून द्यायची? हातात रोकड नसेल तर माणूस पर्सनल लोन काढतो, ते महाग, आणि दोन्ही हप्ते एकदम सुरू. अर्धवट बांधकामं उभी दिसतात ना, त्यातली कितीतरी कर्ज मंजूर झालेलं असूनही याच गॅपमध्ये अडकलेली असतात. म्हणून स्वतःचा वाटा सोडून अंदाजपत्रकाच्या १० ते १५ टक्के रक्कम वेगळी ठेवाच, बांधकाम अंदाजात बसलं असं क्वचित होतं.

"हप्ता भाडेकरू भरतो." कोणता भाडेकरू? घर पूर्ण होऊन राहायला परवानगी मिळेपर्यंत भाडं शून्य, व्याज मात्र पहिला टप्पा सुटला की चालू. जागेसकट एकूण खर्च १०० धरा, कर्ज ७५, व्याज ९ टक्के. पैसे दीड वर्षात सारखे सारखे उचलले तरी पहिलं भाडं येण्याआधी साधारण ५ व्याजातच जातात. काम संपता संपता ६ महिने रखडलं तर अजून ३ च्या वर.

आता घर तयार झालं असं समजू. ७५ चं कर्ज, २० वर्षं, ९ टक्के, म्हणजे वर्षाचे हप्ते ८.१ होतात. भाडं वर्षाला खर्चाच्या ५ टक्के मिळालं असं धरा, एक महिना घर रिकामं राहिलं की ४.६ झाले, दुरुस्ती आणि कर वजा करून ४ धरा. म्हणजे हप्त्याचा निम्मा भार दर वर्षी तुमच्या पगारातून. मेसेजमध्ये हा निम्मा भाग कुठेच नाहीये, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो कारण हा पैसा मुलांच्या फीमधून, घरखर्चातूनच काढावा लागतो.

"साधं होम लोन घ्या, भाड्याचं सांगू नका, व्याज कमी पडतं." असा सल्लाही सोबत देतात, हे तर अजिबात करू नका. स्वतः राहायचं घर आणि भाड्याचं घर यांच्या अटी काही ठिकाणी वेगळ्या असू शकतात, फॉर्मवर खोटं लिहिलं आणि कळलं तर तो कराराचा भंग, बँक पूर्ण कर्ज परत मागू शकते. विम्याचंही तेच, भाडेकरू राहतो हे लपवलं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

मग भाड्यासाठी बांधूच नये का? बांधा की. पण वरच्याच आकड्यांत ४ च्या भाड्यात हप्ता बसवायचा असेल तर कर्ज ७५ नाही, ३७ च्या आसपास लागतं. जागा आधीपासून स्वतःची असेल तर हे जमू शकतं, जागाही कर्जावर घेऊन बांधणाऱ्याला फार अवघड. आणि हे सगळं व्याज ९ वरच राहिलं तर. फ्लोटिंग रेट, म्हणजे बदलता व्याजदर, ११ वर गेला की हप्ता जवळपास १५ टक्क्यांनी वाढतो, भाडं मात्र करार संपेपर्यंत आहे तेवढंच.