भिक्षेकरी पुनर्वसन : गाडीत घातल्यानंतर काय?

नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ तोंडावर आला की भिक्षेकऱ्यांची धरपकड होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मार्च 2023मध्ये सी-20 (जी-20मधला नागरी संस्थांचा गट) बैठकीच्या पाहुण्यांसाठी नागपुरात 144 कलम लावून सिग्नलवर भीक मागायला बंदी घातली होतीच. अशा मोहिमांचं आयुष्य पाहुण्यांच्या मुक्कामाएवढंच असतं.

गंमत म्हणजे, भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनासाठीच्या केंद्राच्या 'स्माइल' योजनेत पहिल्या टप्प्याला जी 30 शहरं निवडली, त्यांत त्र्यंबकेश्वर आहे. फेब्रुवारी 2022मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे टप्पे असे : सर्वेक्षण, समुपदेशन, निवारा, रोजगार. कागदावर सगळं ठीक. पण महाराष्ट्रात मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, 1959 अजून लागू आहे. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. म्हणजे घाटावर बसलेला एकच म्हातारा एका खात्याचा लाभार्थी आणि दुसऱ्या खात्याचा आरोपी. सर्वेक्षणाला आलेल्या मुलीला तो खरं नाव का सांगेल? दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी या कायद्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. पण तो निकाल दिल्लीपुरता राहिला. आपल्याकडे ही कलमं तशीच आहेत.

या कायद्याची व्याख्याही एकदा वाचून बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ दाखवणं, काहीतरी विकण्याचं निमित्त, असं करून पैसे मागितले तरी ती भीकच. म्हणजे वासुदेव, पांगुळ, नंदीवाले, नाथपंथी डवरी गोसावी असे भिक्षेवर जगणारे भटके सगळे आत. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच डवरी गोसाव्यांना ठेचून मारलं, तेही भिक्षेसाठीच फिरत होते. या लोकांचं पुनर्वसन करायचं तर त्यांना निवाऱ्यात कोंडून काय होणार? त्यांना हवा जातीचा दाखला, घरासाठी जागा आणि मुलांना आश्रमशाळा. दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961च्या आधीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांचं पालच दर आठवड्याला हलत होतं, त्यांनी तो आणायचा कुठून?

आता धरपकडीत सापडतं कोण ते पाहा. भरदिवसा गाडी आली की धडधाकट पळतात. राहतात ते पाय गेलेले, म्हातारे, कुष्ठरोगातून बरे झालेले पण बोटं गमावलेले, आणि मानसिक आजारामुळे गाडी कशाला आली हेच न कळलेले. यांतल्या शेवटच्यांना भिक्षेकरी गृहात न्यायचंच नाही. मानसिक आरोग्य कायदा, 2017च्या कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्यांना सरकारी रुग्णालयात पोचवायचं असतं. खरी ओळख पटवायची तर पहाटे नाहीतर रात्री दहानंतर जावं लागतं, गणवेशाशिवाय, आणि त्याच माणसाकडे पाच-सहा वेळा.

निवाऱ्यातले पहिले तीन-चार दिवस जोखमीचे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या चार दिवसांत हात थरथरतात, भास होतात, कधी झटके येतात. यात माणूस दगावूही शकतो. कर्मचाऱ्यांना वाटतं वेडा झाला, म्हणून खोलीला कडी घालतात. तिथे कडी नाही, डॉक्टर हवा. खरूज तर हमखास. एकाला मलम लावून उपयोग नाही, एकाच दिवशी सगळ्यांना लावून कपडे-चादरी गरम पाण्यातून काढाव्या लागतात, नाहीतर पंधरवड्यात पुन्हा तेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासणी पहिल्याच दिवशी.

मग कागद. दिव्यांग सोडून इतरांना संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1500 रुपये मिळायला 21,000 रुपयांच्या आतला वार्षिक उत्पन्नाचा दाखला आणि राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. आधारसाठी पत्ता लागतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र त्यासाठी चालतं, पण उद्या चौकशी लागेल म्हणून सही करायला साहेब कचरतात. बोटांचे ठसे झिजलेले असले की ऑपरेटर परत पाठवतो. डोळ्याच्या बुबुळावर नोंद होते, तेही नसेल तर अपवाद म्हणून नोंद होते. सोबतच्या कार्यकर्त्याने हे ठामपणे सांगितलं नाही तर त्या दिवसाची खेप फुकट.

आणि सगळ्यात जास्त माणसं निसटतात ती पैशाच्या वेळापत्रकात. भीक रोज हातात पडते. नोकरीचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. मधल्या दिवसांत चहा, तंबाखू, गावी पाठवायचे दोनशे रुपये कुठून येणार? चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस देवळापाशी परततो आणि अहवालात लिहिलं जातं, 'कामाची इच्छा नाही'. भिक्षेकरी गृहात काम करणाऱ्यांचा मेहनताना राज्य सरकारने 2025मध्ये वाढवून 40 रुपये रोज केला. वाढ आहे, नाही म्हणत नाही. पण 40 रुपयांत बाहेर पडल्यावर खोलीचं भाडं जमायचं नाही. पहिला महिनाभर रोजच्या रोज रोख मजुरी आणि ती ठेवायला कुलपाचा कप्पा, हा खर्च मंजूर करून घ्या. साठीच्या माणसाला तीन महिन्यांचं शिवणकाम शिकवण्यापेक्षा तो जास्त कामी येईल. शिवाय ठेकेदार पोलीस पडताळणी मागतो, तेव्हा भीक प्रतिबंधक कायद्याखालची नोंद आडवी येते ती वेगळीच.

इंदूरने 1 जानेवारी 2025पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचं जाहीर केलं. तिथला मुलांना शाळेत घालण्याचा भाग जरूर उचला, देणाऱ्याला पोलीस ठाण्यात नेण्याचा सोडून द्या. मुलांना भीक मागायला लावणारी टोळी मोडायची तर भारतीय न्याय संहितेचं कलम 139 आहे. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवलं तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी. ते वापरायला तपास करावा लागतो, म्हणून सोप्या वाटेने आईलाच उचलतात.

अहवालात 'इतके भिक्षेकरी ताब्यात घेतले' हा एकच आकडा असतो. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला एवढंच विचारा : सहा महिन्यांनी यांतले किती जण छपराखाली आहेत, किती जणांच्या खात्यात निवृत्तिवेतन पडतंय? आणि रस्त्यावर एकटं मूल दिसलं तर 1098, बेवारस वृद्ध दिसले तर 14567 हा नंबर फिरवा. ठिकाण नेमकं सांगा, कुठल्या देवळाचं कुठलं दार, किती वाजता दिसतात तेही.