थोरलीचं ताट, धाकटीचा उपास

मिशिगनमध्ये मोटारहोम घेणं म्हणजे पुण्यात राहून कोकणात घर बांधण्यासारखं आहे. राहायचं वर्षातून वीस दिवस, आणि उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस तिकडे काय गळतंय, काय कुजतंय, उंदीर शिरलाय का, याचा घोर लावून घ्यायचा.

आम्ही हे 2021 साली केलं. तीस फुटी, सेकंडहँड गाडी. पुढे फोर्डचं दहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे पलंग, मधे संडास. बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळी फिरवून दाखवली. त्यांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. म्हणाले, "म्हणजे एसटीत संसार थाटलास!" ही स्तुती होती की निंदा, मला अजून कळलेलं नाही.

सोसायटी इथेही असते आणि तिलाही पत्रं पाठवण्याची हौस असते. घरासमोर एवढं धूड उभं करायचं नाही, असं पत्र आलं. मग वीस मैलांवर एका शेतकरीकाकांच्या आवारात, बोटी आणि ट्रेलरांच्या रांगेत जागा घेतली. नोव्हेंबरात, पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून, त्यांच्यामधून गुलाबी अँटिफ्रीझ फिरवलं, गॅस बंद केला, आणि महिन्याला थोडे डॉलर जास्त मोजून विजेचा पॉइंट मागून घेतला. मनगटाएवढी जाड केबल लावली, आत दिवा लागला. घरी येऊन बायकोला म्हटलं, "चार्जिंगला लावून आलोय. आता एप्रिलपर्यंत बघायला नको."

फेब्रुवारीत सहज चक्कर टाकली. बाहेर उणे चौदा. (सेल्सिअसमध्ये सांगतोय. इथल्या फॅरनहाइटमध्ये ते अधिक सात होतं आणि थंडीचा अपमान होतो.) आत शिरलो तर दिवे लखलखीत, मायक्रोवेव्हचं घड्याळ ठणठणीत. ऐटीत ड्रायव्हरच्या खुर्चीत बसलो, किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्-टक्-टक्-टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

काका हात पुसत आले. "बॅटरी उतरली."

"शक्यच नाही. तीन महिने चार्जिंगला आहे."

"कुठली?"

"तीन वर्षांच्या वॉरंटीची."

काका माझ्याकडे बघत राहिले. गाडी विकणाऱ्याने मला पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्याचं कारण काकांना तेव्हा कळलं असावं.

मग त्यांनी मला माझ्याच गाडीतलं गृहछिद्र सांगितलं. या वाड्यात दोन चुली आहेत. घरातल्या दिव्यांना, पंपाला, पंख्याला वीज देणाऱ्या बॅटऱ्या वेगळ्या, आणि इंजिनाचा स्टार्टर फिरवणारी वेगळी. जावा-जावाच म्हणा. मी त्यांना तेव्हापासून थोरली आणि धाकटी म्हणतो. बाहेरून वीज लावली की गाडीतला चार्जर ती फक्त थोरलीच्या ताटात वाढतो. बऱ्याच मोटारहोममध्ये असंच असतं. छतावर सोलर पॅनेल असलं तरी त्याचंही ऊन बहुधा थोरलीच्याच अंगणात. आणि अन्याय बघा: प्रवासात इंजिन चालू असलं की त्यावर फिरून वीज बनवणारा आल्टरनेटर दोघींना चार्ज करतो. म्हणजे धाकटी राबायला लागली की थोरलीला डबा पोचतो, पण थोरलीच्या घरी पंगत बसली तर धाकटीला कुणी आवाजही देत नाही.

बरं, धाकटी नुसती उपाशी नव्हती. तिच्या अंगावर पोरं होती. इंजिनाचा संगणक, रेडिओची आठवण, घड्याळ, पायरीचं यंत्र, सगळी झोपेतही दूध पितात. मी नंतर मोजलं: पन्नास मिलिअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे झाले 1.2 अँपिअर-तास आणि नव्वद दिवसांचे 108. बॅटरीत मुळात होते ऐंशी.

"मग जंप देऊ या?" दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज द्यायला मी केबल काढली.

काकांनी माझा हात धरला. भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे सात-आठलाच गोठायला लागतं. गोठलेल्या बॅटरीला जंप दिला तर ती फुटू शकते. त्यांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला. धाकटीची कूस एका बाजूने फुगली होती. मी टोपी काढली. थंडी होती म्हणून लगेच घातली.

नवीन बॅटरी आली. बाबांना सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच, "पाणी बघत होतास का?" लोडशेडिंगच्या काळात आमच्या घरी इन्व्हर्टर होता आणि दर महिन्याला त्यात डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा सोहळा बाबा सोवळ्यानं करायचे.

"बाबा, हिला झाकणंच नाहीत."

"मग पाणी कुठून घालायचं?"

"घालायचंच नसतं."

बराच वेळ शांतता. "मग बसणारच बॅटरी."

पुढच्या हिवाळ्यात मी उपाय सुरू केले. आधी दर रविवारी जाऊन इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचो. स्टार्टर मारताना जेवढं जातं तेवढं थंडीत नुसत्या आयडलिंगवर धड परत येत नाही, शिवाय इंजिन तापायच्या आत बंद केल्यामुळे ऑइलमध्ये ओलावा साचतो. वर चाळीस मैलांचं पेट्रोल. दाराजवळ 'बॅटरी बंद' असं ठसठशीत लिहिलेलं बटण होतं, ते दाबलं. तेही थोरलीचंच निघालं! धाकटीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवणं हा खरं तर बिनखर्ची आणि उत्तम उपाय. त्याला फक्त दहाचा पाना लागतो, आणि तो वीस मैल मागे गॅरेजात असतो. एकदा तर वैतागून मी तिला उचलून घरीच आणलं. वीस किलोचं ओझं कवटाळून बेसमेंटच्या पायऱ्या उतरताना बायको वरून म्हणाली, "माझ्या तांदळाच्या पोत्याला कधी एवढ्या प्रेमानं हात लावलास का रे?"

शेवटी एक छोटा डबा मिळाला, दोघींच्या मधे बसवायचा. थोरलीचं चार्जिंग चालू झालं की तो त्यातलं थोडं धाकटीला सरकवतो. बसवायला अर्धा तास लागला, शोधायला दोन हिवाळे.

आणि त्याच उन्हाळ्यात मुलगी पुढच्या सीटवर बसून म्हणाली, "बाबा, या बटणावर बॅटरीचं चित्र का आहे?" माहितीपुस्तक काढलं. ते दाबून धरलं की थोरली तेवढ्यापुरता धाकटीला हात देते, गाडी सुरू करण्यापुरता. मी दोन वर्षं ते फॉगलॅम्पचं समजून दाबत होतो आणि फॉगलॅम्प गेलेत म्हणून हळहळत होतो.

आता दोघी 13.4 व्होल्टवर गुण्यागोविंदानं नांदतात. तरी महिन्यातून एकदा मी मल्टिमीटर घेऊन जातोच. डब्यावरचा हिरवा दिवा खोटं बोलत असेल तर? परवाही निघालो, बर्फ पडत होता. बूट चढवताना बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघींना विचारलंय म्हणून सांग."