पान नव्वदवरची मिशी

हेरकथा वाचणाऱ्याला बॉम्बची भीती नसते, विषाची नसते, फितुराची तर मुळीच नसते. फितूर हवाच असतो. भीती असते ती पान नव्वदची. तोवर आपण नायकाला चेहरा देऊन मोकळे झालेलो असतो. बर्लिनमध्ये पाऊस पडतो आहे, कोटाची कॉलर वर करून नायक भिंतीला टेकून उभा आहे, आणि तो रमेश देव आहे. ऐन उमेदीतला, गुळगुळीत दाढी केलेला, देखणा. सगळं झकास चाललेलं असताना लेखकाला एकदम आठवतं, की अरेच्चा, या गृहस्थाचं वर्णन करायचं राहूनच गेलं. मग तो लिहितो, ‘विचार करताना आपल्या पिंगट मिशीवरून बोट फिरवायची त्याला सवय होती.’

सवय होती! मग एकोणनव्वद पानं काय हात खिशात घालून काढली? इतक्या वेळात त्यानं एकदाही विचार केला नाही? आता ही मिशी मी रमेश देवना चिकटवायची कशी, आणि कुठून? इथून पुढे चिकटवली तर पान ऐंशीवर ज्या बाईनं त्याचं चुंबन घेतलं ती त्याला ओळखणार नाही. पहिल्या पानापासून चिकटवायची तर झालेलं सगळं चित्रीकरण वाया. दोनतीन पानं मी बिचाऱ्यांना नकली मिशी लावून पळवतो, ती पावसात सुटते, आणि मग मी लेखकाचं ऐकणंच सोडून देतो.

माझ्या डोक्यात एक निर्माता कायमचा मुक्कामाला आहे. मी पुस्तकाचं पहिलं पान उघडायच्या आत तो नटांना करारबद्ध करून टाकतो. त्याला मानधनाची काळजी नाही, तारखांची नाही. हयात आणि दिवंगत असा भेदभावही तो करत नाही. साठच्या दशकातला नट, ऐंशीच्या दशकातली नटी आणि सध्याच्या एखाद्या मालिकेतला दीर यांना तो खुशाल एका विमानात बसवून इस्तंबूलला पाठवतो. अडचण एवढीच की पुस्तक तो वाचत नाही. वाचतो मी. त्यामुळे आमचे खटके उडतात.

हे खूळ लहानपणापासूनचं. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या रोजच्या भाड्यानं मिळायच्या. दुसरा दिवस उजाडला की पुन्हा भाडं, म्हणून रात्रीत संपवायच्या. त्यातला कॅप्टन दीप हे आमचं दैवत. पण त्याला चेहरा द्यायला माझ्याकडे भांडवल काय, तर गावातल्या टॉकीजला लागणारे जुने सिनेमे. 1967 च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र एजंट 116 झाला होता. आमच्या मते हेर म्हटला की तोच. त्यामुळे कॅप्टन दीपला जितेंद्र मिळाला, आणि जितेंद्रबरोबर त्याचे पांढरेशुभ्र बूटही आले. अमावस्येची रात्र, शत्रूची हद्द, चिखलातून कोपरांवर सरपटत निघालेला कॅप्टन दीप, आणि पायात पांढरे बूट! पहारेकरी आंधळे असल्याखेरीज ती कामगिरी फत्ते होणं शक्य नव्हतं. नाईकांनी हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. मी वाचल्या तेवढ्यांत तरी एकाही पहारेकऱ्याला ते बूट दिसले नाहीत.

मूळ दुखणं तेव्हापासून तेच आहे. हेर म्हणजे असा माणूस, की जो समोरून गेला तरी कोण गेलं ते आठवू नये. आणि सिनेनट म्हणजे ज्याला लोकांनी विसरू नये म्हणून चौकाचौकांत पोस्टरं लावलेली असतात. ‘तो गर्दीत मिसळून गेला’ हे लेखकाला फुकटात पडणारं वाक्य आहे. भुर्दंड माझ्यावर. धर्मेंद्रला गर्दीत मिसळून दाखवा बघू! गर्दी व्हिएन्नाची आहे, तिथे त्याला कोण ओळखतंय, असं म्हणण्यातही अर्थ नाही. माझ्या डोक्यातल्या व्हिएन्नात येणारीजाणारी माणसं सगळी नगर-नाशिककडचीच असतात. जादा कलाकार आमच्या निर्मात्याला तिकडूनच परवडतात.

फ्रेड झिनेमान या दिग्दर्शकानं ही गोम बरोबर ओळखली होती. फ्रेडरिक फोर्साइथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’वर त्यानं सिनेमा काढला (1973 साली), तेव्हा मारेकऱ्याच्या कामाला बडा तारा न घेता एडवर्ड फॉक्सला घेतलं. तेव्हा तो फारसा कुणाच्या डोळ्यांत बसलेला नव्हता. गर्दीत हरवायला असाच माणूस लागतो. गोष्टीत त्याला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायचं असतं. आमच्या निर्मात्यानं मात्र या कामाला विनोद खन्ना पाठवला. मग त्या फ्रेंच पोलिसांनी एवढे दफ्तरखाने कशाला धुंडाळायचे? तो कुठल्या रस्त्यानं गेला हे नाक्यावरच्या पोरींना विचारलं असतं तरी भागलं असतं.

इयान फ्लेमिंगचं बघा. 1953 च्या ‘कॅसिनो रॉयाल’मध्ये त्यानं बॉण्डचं कास्टिंग स्वतःच करून ठेवलं आहे. नायिका म्हणते, हा मला होगी कारमायकेलसारखा वाटतो. कारमायकेल हा अमेरिकेतला गीतकार-संगीतकार, पियानोवर बसून गाणारा, अधूनमधून सिनेमातही दिसणारा. चला, लेखकाची परवानगी मिळाली, म्हणून मी त्या माणसाचा फोटो शोधून डोक्यात पक्का करतो न करतो, तोच काही पानांनी बॉण्ड आरशात बघतो. गालावर व्रण, कपाळावर न बसणारी केसांची बट. आणि मनाशी ठरवतो, छे, आपल्यात काही कारमायकेल दिसत नाही! पात्रालाच आपली निवड पसंत नाही, तिथे वाचकानं कुणाकडे दाद मागायची?

पुढे 1962 साली ‘डॉ. नो’ आला आणि शॉन कॉनरी बॉण्ड झाला. फ्लेमिंगला तो आधी रुचला नव्हता. मग रुचला, आणि असा रुचला की त्यानंतरच्या पुस्तकांत बॉण्डला एकदम स्कॉटिश बाप मिळाला. कॉनरी एडिनबरोचा. नटाच्या सोयीनं पात्राला बाप मिळाल्याची उदाहरणं आपल्याकडे रोज संध्याकाळी सात ते दहा दिसतात, पण साहेबाच्या देशातही ही पद्धत आहे हे वाचून बरं वाटलं. फ्लेमिंगच्या मनात बॉण्ड म्हणून डेव्हिड निव्हन हा नट होता म्हणतात. पुस्तकात मात्र निव्हनच्या वाट्याला पाणकावळा आला. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मधल्या नायिकेकडे मासे पकडणारा एक पाळीव पाणकावळा आहे, त्याचं नाव निव्हनवरून डेव्हिड. आणि जेम्स बॉण्ड हे नाव तर फ्लेमिंगनं वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या तज्ज्ञाचं उचललेलं. म्हणजे हेराला पक्षीतज्ज्ञाचं नाव आणि पक्ष्याला नटाचं. या गोंधळापुढे आमचा निर्माता पुष्कळच सरळ म्हणायचा.

माझी खरी परवड जॉन ल कारे या इंग्रज हेरकथाकारानं केली. त्याचा हेर जॉर्ज स्मायली बुटका, जाडसर, चष्मा टायच्या टोकानं पुसणारा. चांगले पैसे मोजून अंगाला न बसणारे कपडे शिवून घेणारा. बायको दुसऱ्यांबरोबर निघून जाते, आणि हा लंडनच्या पावसात विचार करत घरी येतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा निर्मात्यानं क्षणाचाही विलंब न लावता शरद तळवलकर आणून उभे केले. दिसायला काय चपखल! तीच चण, तोच त्रासलेला सज्जनपणा. पण स्मायली एखाद्या फुटलेल्या हेराची उलटतपासणी घ्यायला बसला, खोलीत मिणमिणता दिवा, समोरचा घामाघूम, आणि मला हसू आवरेना. आता हे गडबडीनं उठणार, धोतराचा सोगा सावरणार आणि कुणीतरी भाचा दार उघडून ‘मामा!’ म्हणणार, अशी खात्रीच वाटायची. शीतयुद्धाची सगळी हवा त्या एका दारातून निघून जायची.

मग कधीतरी बीबीसीची 1979 ची मालिका पाहिली. त्यात अ‍ॅलेक गिनेस स्मायली. संपलंच. त्या दिवसापासून तळवलकर घरी गेले आणि पुस्तकाच्या प्रत्येक पानावर गिनेस येऊन बसले. माझंच काय, खुद्द ल कारेचीही तीच तक्रार होती, की गिनेसनं आपलं पात्र आपल्या हातातून नेलं. लेखकाचं असं झालं तर आम्ही कोण? पण खरं सांगायचं तर तळवलकर होते तेव्हा मजा जास्त येत होती.

खलनायकांचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण त्यात गोष्टच फुटते. एका कादंबरीत ब्रिटिश राजदूत होता. सालस, वृद्ध, बागेत गुलाब लावणारा. त्याच्या पहिल्याच वाक्याला माझ्या कानात निळू फुल्यांचा आवाज घुमला. कारण काही नाही. राजदूतानं शिपायाला ‘फाइल ठेव आणि जा’ म्हटलं, इतकंच. पण तो आवाज एकदा आला की माणूस सुटला असं होत नाही. दूतावासाचा साखर कारखाना झाला, सचिव चेअरमनच्या मागेपुढे करायला लागले, आणि राजदूतसाहेबांनी गुलाबाला पाणी घातलं तरी मला त्यात डाव दिसायला लागला. बायकोबरोबर चहा पीत बसले, डाव. नातवाला पत्र लिहिलं, डाव. साडेतीनशे पानं मी त्यांच्यावर पाळत ठेवली. नायकानं ठेवली नसेल एवढी. आणि शेवटी फितूर निघाला तो भलताच, एक टंकलेखक, ज्याला आमच्या निर्मात्यानं चेहराच दिलेला नव्हता. राजदूत अखेरपर्यंत प्रामाणिक राहिले. मी आजही त्यांना माफ केलेलं नाही.

उलटंही होतं. अशोक सराफांना एखादी भूमिका दिली की त्या माणसावर संशय घेणं मला जमतच नाही. तो विषाची कुपी चहात रिकामी करताना दिसला तरी वाटतं, पुढे काहीतरी घोटाळा होऊन हा चहा चुकून तोच पिणार.

टॉम क्लॅन्सीच्या कादंबऱ्यांतला नायक जॅक रायन, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. अ‍ॅलेक बाल्डविन, हॅरिसन फोर्ड, बेन अ‍ॅफ्लेक, ख्रिस पाइन, जॉन क्रासिन्स्की. सगळ्यांनी हे काम करून ठेवलेलं. एकच माणूस पाणबुडीत शिरताना एक असतो आणि बाहेर पडताना दुसरा. मी ती पुस्तकं वाचनालयाला परत केली.

म्हटलं, आपल्या मातीतला हेर घ्यावा. बहिर्जी नाईकांवरची कादंबरी आणली. शिवाजीमहाराजांचे हेर, सुरतेची खडान्‌खडा खबर काढणारे, वेषांतरात असे पटाईत की ओळखीच्या माणसानंही ओळखू नये, अशी ख्याती. त्यांच्या चेहऱ्याची ओळख आपल्यापर्यंत पोचलेलीच नाही, आणि हेराला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? मी निर्मात्याला बजावलं, इथे हात लावायचा नाही. नाईक बिनचेहऱ्याचेच राहू देत. दहा पानं तो गप्प बसला. मग नाईकांनी फकिराचा वेष घेतला, सुरतेच्या पेठेत शिरले, झोळी पसरली आणि वर पाहिलं तर ते सूर्यकांत! ते रुंद खांदे, ती छाती. एवढ्या धष्टपुष्ट फकिराला भिक्षा कोण घालणार? मुघलांनी त्याला तिथल्या तिथे सैन्यात भरती करून घेतलं असतं.

या सगळ्यात बायकोनंही हेरकथा वाचायला सुरुवात केली. ती माझ्यापेक्षा भराभर वाचते आणि तिच्या डोक्यातला निर्माता माझ्यापेक्षा शिस्तीचा आहे. नायक कोण हे ती विचारल्याशिवाय सांगत नाही, विचारलं तरी सांगत नाही. परवा आम्ही एकच पुस्तक वाचत होतो. तिची खूण माझ्या खुणेच्या बरीच पुढे होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, “तुझ्या सिनेमात मला काही काम दिलंस की नाही?”

“दिलंय ना,” ती मान वर न करता म्हणाली. “स्टेशनवर बाकावर पेपर वाचत बसलेला एक माणूस आहे बघ. तिसऱ्या प्रकरणात.”

मला गुदगुल्या झाल्या. कुणाच्या लक्षात न येणारा, पेपरमागे तोंड लपवलेला. “म्हणजे खरा हेर तोच!”

“नाही रे,” ती म्हणाली. “मी पुढे वाचलंय. तो नुसताच बसलेला असतो.”