बहुतेक नावाची बाजू नसते

परवा मला एका गृहस्थांनी कुजबुजत झापलं. ओरडून झापलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी केंद्रात दोन तासांचा स्लॉट, तोही पाच आठवडे थांबून मिळालेला. फॉर्म, गाइडची सही, पैसे भरल्याची पावती घेऊन दहा मिनिटं आधीच पोचलो. डबीत माझे नॅनोकण, म्हणजे तीन महिन्यांची मेहनत, ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर वाळवलेली. ग्रिड म्हणजे टिकलीएवढी जाळी. शिंक आली तर उडते, आणि फरशीवर पडली की तिथेच दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची.

इथले ऑपरेटर सर कायम कुजबुजतात. आवाजाने यंत्र थरथरतं आणि चित्र सरकतं, हे मान्य. पण हे बाहेर व्हरांड्यात, फोनवरसुद्धा कुजबुजतात. पलीकडच्याला बिचाऱ्याला काय ऐकू येत असेल कोण जाणे. तर त्यांनी चिमट्याने माझी ग्रिड उचलून उजेडात धरली.

"नमुना कुठल्या बाजूला?"

"म्हणजे?"

"एक बाजू चकचकीत असते, एक मळकट."

"मळकट."

"नक्की?"

"बहुतेक."

त्यांनी ग्रिड खाली ठेवली. चिमटा ठेवला. चष्मा काढून पुसला. "अहो, बहुतेक नावाची बाजू नसते. दोनच असतात."

पुढे दहा मिनिटं याच विषयावर व्याख्यान. नीट ऐकू येईना म्हणून मी वाकत वाकत त्यांच्या खांद्यापर्यंत गेलो. एकदा "काय?" म्हणालो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हे सगळं माझ्या दोन तासांतून, बरं का.

मग होल्डर आत सरकवा, निर्वात व्हायची वाट बघा, इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, जुळवा. समोरच्या भिंतीवर एर्न्स्ट रुस्का यांचा फोटो. माक्स नोल यांच्याबरोबर पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप त्यांनी १९३१ साली उभा केला आणि नोबेल मिळालं १९८६ साली. ५५ वर्षं! नोल तर १९६९ मध्येच गेले. स्लॉट उशिरा मिळण्याची परंपरा या क्षेत्रात मुळापासूनच आहे.

आत २०० किलोव्होल्टने पळणारे इलेक्ट्रॉन, तरंगलांबी जेमतेम अडीच पिकोमीटर, अणूच्याही कितीतरी खाली. आणि बाहेर कुणी लिफ्टचं बटण दाबलं की पडद्यावर सगळं डुलायला लागतं. ते थांबेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. तो वेळ लिफ्टवाल्याच्या खात्यातून वजा होत नाही, माझ्याच होतो.

पाऊण तास उरलेला असताना पडद्यावर ते अवतरलं. काळेभोर, चौकोनी कण, कडा पट्टीने आखाव्यात तशा. मला पेपरचं शीर्षकसुद्धा सुचलं. "सर, फोटो घ्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

ते पडद्यावरची नजर न हलवता कुजबुजले, "मीठ आहे."

"काय?"

"कणांच्या द्रावणातलं, बफरमधलं. ग्रिड पाण्याने धुतली होती का?"

धुतली होती. बहुतेक. पण हा शब्द पुन्हा काढायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात बीमखाली त्या चौकोनांना भोकं पडायला लागली. जखमेवर मीठ चोळणं म्हणजे काय, ते मला ५०,००० पट मोठं करून दाखवण्यात आलं. बरं, तीन पानी फॉर्मवर गाइडचं पदनाम तीन ठिकाणी विचारतात. त्यात 'ग्रिड धुऊन आणावी' एवढी एक ओळ छापायला काय जातं? शोध लागो की मीठ निघो, पैसे तेवढेच. पुढचा स्लॉट पुन्हा पाच आठवड्यांनी.

निघताना रजिस्टरमध्ये सही करायला गेलो, तर 'नमुना' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: मीठ.

"सर, निदान 'बहुतेक मीठ' तरी लिहा."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.