काका, शेपूट बघा: बीव्हरवरच्या व्हायरल मेसेजला उत्तर

आठवडाभर आमच्या गोव्यातल्या वाळपईकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. बीव्हर, म्हणजे थंड देशांतल्या ओढ्याकाठी राहणारा उंदराच्या जातकुळीतला मोठा प्राणी, दातांनी झाड कुरतडतो, झाड कोसळते. खाली मजकूर: 'हा जंगलाचा वैरी. झाडे मारतो, ओढे तुंबवून पाणी नासवतो, मासे फस्त करतो. आता चोडणलाही दिसला, दिसेल तिथे हाकला.' सोबत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावरचा एक धूसर फोटो. आमच्या काकांनी तो तीनदा पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

मासे आधी उरकतो. बीव्हर मासे खात नाही. सालीखालचा ओला थर, कोवळ्या फांद्या, पाने, पाणवनस्पती, एवढाच त्याचा आहार. गोव्यात आला तर हुमणाच्या, म्हणजे आमच्या माशांच्या कालवणाच्या, वासानेच परत जाईल.

झाडांचे म्हणाल तर व्हिडिओ झाड पडताच संपतो. पुढे काय होते ते आमच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवे. साग तोडला, पाऊस पडला की खुंटाच्या कडेने धुमारे फुटतात. त्यांची कोवळी पाने चुरगळली तर बोटे लाल होतात. बघता बघता एका सोटाच्या जागी चार-पाच काठ्या उभ्या राहतात. बीव्हर ज्यांच्यावर दात चालवतो ती विलो, पॉप्लर, अ‍ॅस्पेनही याच जातकुळीतली. खुंटातून नाहीतर मुळांतून पुन्हा फुटणारी. शिवाय गडी पाण्यापासून फार लांब जात नाही, त्याची बहुतेक तोड काठालगतच. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि सावलीत अडकलेली रोपे वर येतात.

'ओढे तुंबवतो' वाचून तर हसूच आले. पाऊस ओसरला की आपण काय करतो? ओहोळात दगड, फांद्या, माती टाकून बांध घालतो आणि पाटाने पाणी कुळागराला (सुपारीच्या बागेला), वायंगणाला (उन्हाळी भातशेतीला) नेतो. बीव्हरचा बांधही याच मालाचा, फक्त त्याला निविदा काढावी लागत नाही. पाणी रेंगाळते, काठच्या जमिनीत मुरते, भूजल वर येते. गाळ तळाशी बसतो, त्यामुळे खालचे पाणी उलट निवळ होते. तळ्यात सापडलेली काही झाडे मरतात, हे कबूल. पण ती वाळकी खोडे उभीच राहतात, सुतार पक्षी त्यांत ढोल्या कोरतात, मग त्याच ढोल्यांत घुबडे आणि काही जातींची बदकेही संसार थाटतात. जवळचा पाला संपला की बीव्हरचे कुटुंब जागा सोडते. डागडुजी थांबते, बांध फुटतो, गाळाने भरलेल्या तळ्याचे कुरण होते आणि त्या सुपीक गाळात विलो, आल्डर पुन्हा रुजतात.

फर आणि ग्रंथीतल्या स्रावासाठी इतकी शिकार झाली की १९०० च्या सुमारास युरोप-आशियात मिळून जेमतेम १,२०० बीव्हर उरले होते. ब्रिटनमधून तर ते काही शतकांपूर्वीच संपले होते. २००९ मध्ये स्कॉटलंडने ते नॉर्वेहून आणून नॅपडेलच्या जंगलात मुद्दाम सोडले. वैऱ्याला कोणी पदरमोड करून घरी आणत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला आपल्या बाजूचा पुरावा हवाच असेल तर तोही मीच देतो. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने फरच्या धंद्यासाठी कॅनडातले २० बीव्हर दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएरा देल फुएगो बेटावर सोडले. तिथली लेंगाची झाडे कापल्यावर विलोसारखी फुटत नाहीत, आणि बीव्हरला खाणारा लांडगा-अस्वलही तिथे नाही. विसाचे हजारो झाले, ओढ्याकाठची राने उजाड झाली. दात तेच होते, झाड वेगळे होते. म्हणूनच ग्रुपवरच्या एका उत्साही मित्राने 'मग म्हादईत सोडूया की!' असे लिहिले तेव्हा मी हात जोडले. म्हादईचे पाणी अडवण्यावरून तंटे आधीच काय कमी आहेत?

राहिले मांडवीतले चोडण बेट. भारतात रानात बीव्हर कुठेच नाही. चोडणच्या खारफुटीत दिसते ते पाणमांजर. ते मासे आणि कुर्ल्या खाते, झाडाला दात लावत नाही आणि कायद्याने संरक्षित आहे. त्याला हाकायला काठी घेऊन कोणी निघाला तर पंचाईत त्याचीच होईल. ओळख सोपी आहे: बीव्हरची शेपूट वल्ह्यासारखी रुंद, चपटी, खवल्याखवल्यांची, पाणमांजराची बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती. काका, चौथ्यांदा पाठवण्याआधी तो फोटो जरा मोठा करून बघा.