बोनस झाला का, असे मला विचारू नका

आमच्या कार्यालयाचे सप्टेंबरचे वेतन देयक, म्हणजे पगाराचे बिल, आक्षेप लावून कोषागारातून, म्हणजे सरकारी तिजोरीच्या कार्यालयातून, परत आले आहे. आक्षेप एका ओळीचा आहे: "अस्थायी पदांच्या मुदतवाढीचा शासन निर्णय जोडलेला नाही, सबब देयक परत." खाली सही, तारीख आणि गोल शिक्का. तो शिक्का इतका ठसठशीत उमटला आहे की त्यासाठी शाईचे पॅड मुद्दाम नवे आणले असावे अशी मला दाट शंका आहे. दिवाळी तोंडावर आली आहे, वाण्याकडे रवा, बेसन आणि पिठीसाखरेची यादी देऊन झाली आहे, आणि आमच्या कार्यालयातल्या एकाही माणसाच्या खात्यात पगाराचा रुपया जमा झालेला नाही.

ज्या पदावर मी बसते त्या पदावरून माझ्या आधीचे दोन जण नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. दोघांचेही निरोप समारंभ झाले, दोघांनाही शाल आणि श्रीफळ मिळाले. तरीही शासनाच्या लेखी हे पद अस्थायी आहे आणि त्याला दर सहा महिन्यांनी जगण्याची परवानगी मागावी लागते. माणसे निवृत्त होतात, कपाटे गंजतात, जुने अभिलेख कीड लागून निर्लेखित होतात, इमारत धोकादायक म्हणून जाहीर होते. पद मात्र जन्मले तसे अस्थायीच राहते. 31 ऑगस्टला मुदत संपणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा ठाऊक होते. आमच्याकडून प्रस्ताव जूनमध्येच गेला होता. तो पदांचे विवरणपत्र युनिकोडमध्ये नाही म्हणून परत आला, मग रिक्त पदांचा रकाना वेगळा दाखवावा म्हणून परत आला, आणि आता तो वित्त विभागाच्या सहमतीसाठी "सादर" आहे. सादर म्हणजे नेमका कोणत्या टेबलावर, कोणाच्या समोर आणि कोणत्या गठ्ठ्याखाली, हे फोनवर विचारणाऱ्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

सगळ्यात चीड येते ती पुढे काय होणार आहे हे पाठ असल्याची. एके दिवशी शासन निर्णय निघेल आणि त्यात "दिनांक 1 सप्टेंबरपासून मुदतवाढ देण्यात येत आहे" असे मागील तारखेपासून लिहिलेले असेल, म्हणजे पद मध्यंतरी कधी मेलेच नव्हते यावर सर्वांचे एकमत होईल. मग सप्टेंबरभर मी टपाल नोंदवले, टिपण्या लिहिल्या, विधानमंडळाच्या तारांकित प्रश्नाचे उत्तर रात्री आठपर्यंत थांबून तयार केले, ते कोणाच्या पदावर बसून? तेव्हा बरे कोणी म्हणाले नाही की बाई, तुमच्या पदाची मुदत संपली आहे, तुम्ही घरी जा. काम करून घेताना पद कायम असते. पगार काढताना ते अस्थायी होते.

बँकेला यातले काही कळत नाही आणि कळून घ्यायचेही नसते. गृहकर्जाचा हप्ता 5 तारखेला वटला नाही, त्याचा दंड लागला, आणि वर "आपला पतदर्जा जपा" असा प्रेमळ संदेश आला. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो, त्यामुळे पगार नाही तर कपात नाही, आणि कपात नाही तर त्यावर उशिराचे व्याज. शेजारच्या टेबलावरचे आमचे सहकारी या सगळ्यावर शांतपणे म्हणतात, "येईल हो, जातोय कुठे?" माझा रक्तदाब कोणत्या एका वाक्याने वाढत असेल तर तो या वाक्याने वाढतो. त्यांच्या सौभाग्यवती राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत, हे मी इथे केवळ माहितीसाठी नमूद करते.

अशा अवस्थेत संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे रेल्वेतले काका भेटले आणि हसत म्हणाले, "काय वहिनी, बोनस झाला का? मजा आहे बुवा सरकारी जावयांची!" हे कोणी म्हणावे, तर ज्यांना दर दसऱ्याच्या सुमारास 78 दिवसांचा उत्पादकता बोनस मिळतो त्यांनी! त्यांच्या 78 दिवसांचा हिशेब महिना 7,000 रुपयांची मर्यादा धरून होतो आणि हातात 17,951 रुपये येतात, त्यामुळे तेही आपल्या जागी कुरकुरतच असतात, हे मला मान्य आहे. केंद्राच्या इतर कार्यालयांतल्या अराजपत्रित मंडळींना तदर्थ बोनस म्हणून 30 दिवसांचे 6,908 रुपये मिळतात, हेही काही राजवैभव नव्हे. आणि आमच्या समोरच्या घरातली मुंबई महापालिकेतली ताई 2024 च्या दिवाळीत 29,000 रुपये सानुग्रह अनुदान घेऊन आली आणि 2025 च्या दिवाळीसाठी तिला 31,000 जाहीर झाले. तिचा मला राग नाही, हेवा आहे, आणि तो मी लपवत नाही. पण राज्य शासनाच्या कारकुनाला काय मिळते? सण अग्रिम. 12,500 रुपये, बिनव्याजी, 10 हप्त्यांत वसूल. म्हणजे सरकार दिवाळीला माझाच पुढचा पगार मला उसना देते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तो माझ्याकडून मोजून परत घेते. त्याची बातमी मात्र "राज्य कर्मचाऱ्यांची दिवाळी गोड" अशा मथळ्याखाली, पणत्यांच्या चौकटीत छापून येते. हा मथळा लिहिणाऱ्याला आमच्या सेवार्थ प्रणालीतली माझी वेतनचिठ्ठी एकदा वाचायला द्यावी आणि त्यातला गोड रकाना शोधून काढायला सांगावे.

महागाई भत्त्याचे तर विचारूच नका. महागाई जानेवारीत आणि जुलैत वाढते, केंद्र दोन-तीन महिन्यांनी तिची दखल घेते, आणि राज्य त्यानंतर आरामात जागे होते. 1 जुलै 2024 पासूनचा 53 टक्क्यांचा दर आम्हाला फेब्रुवारी 2025 मध्ये मिळाला. 1 जानेवारी 2025 पासूनचा 55 टक्क्यांचा ऑगस्टमध्ये. दरवेळी "घसघशीत वाढ" हा शब्दप्रयोग ठरलेला. मूळ वेतन 40,000 असेल तर 2 टक्क्यांची घसघशीत वाढ महिन्याला 800 रुपये होते, आणि तेवढ्यावर नात्यातल्या प्रत्येकाला वाटते की आता आपण हिच्याकडे लग्नाच्या आहेराविषयी वेगळ्या अपेक्षा ठेवायला हरकत नाही. शासन निर्णयाची पीडीएफ त्यातल्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून पाठवणारे मामा मी दोनदा ब्लॉक केले आहेत. ते दुसऱ्या क्रमांकावरून पाठवतात.

आणि मागचे हिशेब? सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्राने 2016 च्या ऑगस्टमध्ये लागू केल्या आणि थकबाकी एकरकमी देऊन टाकली. राज्यात प्रत्यक्ष वेतन सुरू झाले 1 जानेवारी 2019 पासून, आणि 1 जानेवारी 2016 पासूनच्या 3 वर्षांची थकबाकी 5 वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले. आम्हा जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्यांचे हप्ते भविष्य निर्वाह निधीत जमा, म्हणजे पैसा दिसणार पण शिवता येणार नाही. पहिला हप्ता मिळाला आणि दुसऱ्याच्या वेळी टाळेबंदी आली. मार्च 2020 चे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरले: अ आणि ब वर्गाला आधी 50 टक्के, क वर्गाला 75, ड वर्गाला पूर्ण. संकट होते, मी तेव्हा एका शब्दाने तक्रार केली नाही आणि आजही त्या एका महिन्याबद्दल करत नाही. पण जानेवारी 2020 पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते केंद्राने गोठवले, राज्याने तोच कित्ता गिरवला, आणि जुलै 2021 मध्ये दर एकदम 17 वरून 28 टक्के झाला तेव्हा मधले 18 महिने कोणाच्याच हिशेबात राहिले नाहीत. त्या 18 महिन्यांत तेल आणि डाळी स्वस्त झाल्या होत्या असे मला तरी आठवत नाही.

हीच मंडळी वसुलीच्या वेळी किती चपळ असतात ते पाहावे. आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ बाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना त्यांचे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले, आणि कधी काळी झालेल्या वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जादा पडल्याचे लाल शाईत नोंदवून ते परत आले. निश्चिती त्यांनी केली नव्हती; कार्यालयाने केली, कार्यालयप्रमुखाने सही केली, आणि इतकी वर्षे दर महिन्याला कोषागाराने देयके पारित केली. चूक साखळीतल्या प्रत्येकाची, वसुली एकटीच्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्येच सांगितले आहे. त्यावर प्रशासनाकडे उत्तर तयार आहे: वेतननिश्चितीच्या वेळी प्रत्येकाकडून "जादा रक्कम परत करीन" असे वचनपत्र लिहून घेतलेले असते, आणि अशा वचनपत्राचा आधार घेऊन वसुली उचलून धरणारा 2016 चा निकालही त्यांना तोंडपाठ असतो. मुदतवाढीचा कागद जपून ठेवणे यांना जमत नाही, वचनपत्र मात्र वीस वर्षांनीही पहिल्या फटक्यात सापडते. व्यवसाय कराचेही तसेच. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. तो कापायला कोणत्याही विभागाची सहमती कधी अडलेली नाही.

एवढा संताप घेऊन मी काल कोषागाराला एक खरमरीत पत्र लिहायला बसले. मनात बरेच काही होते, त्यातले काही छापण्याजोगेही होते. प्रत्यक्षात कागदावर उतरले ते असे: "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की". त्याच्या पुढे संदर्भ 1, संदर्भ 2, संदर्भ 3, आणि शेवटी "उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर". इतक्या वर्षांच्या नोकरीने माझ्या रागालासुद्धा जावक क्रमांक लागल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पत्रात "कृपया" तीन वेळा आले होते. साहेबांनी वाचून एक कमी केले, कारण त्यांना सूर थोडा कडक हवा होता.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे रात्री झोप येईना तेव्हा मी मोबाईलवर आठव्या वेतन आयोगाचा हिशेब मांडत बसले. आयोगाच्या अध्यक्षपदी माजी न्यायमूर्ती रंजना देसाई असोत की साक्षात कुबेर असो, केंद्राचा अहवाल, मग राज्याची समिती, मग तिचा अहवाल, मग हप्ते, हा प्रवास मला पाठ आहे. तरीही मागच्या वेळी मूळ वेतनाला लावलेला 2.57 चा गुणक या वेळी 2.86 झाला तर मूळ वेतन किती होईल, हे मी पूर्ण रुपयांपर्यंत काढले आणि त्या रकमेतून मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या फरश्यासुद्धा बदलून टाकल्या. सप्टेंबरचा पगार न झालेल्या बाईने हे करावे!

आमच्या कार्यालयातला कंत्राटी डेटा एंट्री करणारा मुलगा हे सगळे ऐकत होता. त्याला एजन्सीने जुलैपासून पैसे दिलेले नाहीत, त्याला ना भत्ता, ना अग्रिम, ना कोणत्या आयोगाची वाट. त्याच्यासमोर मी आवाज खाली घेतला, एवढेच. राग काही खाली आला नाही, उलट आता तो दोघांचा झाला आहे.

आतली खबर अशी आहे की मुदतवाढीची फाईल "वरून खाली" निघाली आहे. तसे असेल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांचे वेतन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे फराळ संपल्यावर, एकदम जमा होईल. त्यातून दोन महिन्यांचा व्यवसाय कर, पतसंस्थेचे दोन हप्ते आणि त्यावरचे व्याज जाईल, सण अग्रिम वेळेत मिळाला असेल तर त्याचा पहिला हप्ताही जाईल, आणि त्याच दिवशी कोणत्या तरी वर्तमानपत्रात चौकटीत बातमी येईल की सरकारी कर्मचाऱ्यांना दुप्पट पगाराची भेट. मामा ती लाल वर्तुळ काढून मला पाठवतीलच.