पन्हळ मे महिन्यात साफ केलीत? मग पहिल्या पावसानंतर परत शिडी लावा

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांमध्ये पन्हळ साफ करणं असतंच. लाकूडफाटा आत येतो, कौलं परतली जातात आणि मे संपता संपता कुणीतरी शिडी लावून पन्हळीतला पाचोळा खाली ओढतं. तेवढ्यावर वर्षाचं काम उरकलं असं आपण धरून चालतो. ती साफसफाई हवीच, पण बहुतेक घरांच्या पन्हळी तुंबतात त्या तिच्या अभावी नाहीत. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर कुणी परत वर बघत नाही, म्हणून तुंबतात.

दिवाळीपासून मेपर्यंत छप्पर कोरडं असतं. एवढ्या महिन्यांत कौलांच्या खोबणीत, पत्र्याच्या नाळीत, दोन छपरं मिळतात त्या घळीत काय काय साठतं ते खालून दिसत नाही. आंब्याचा गळलेला मोहोर, रस्त्याची लाल धूळ, पक्ष्यांची शीट, वाळक्या पानांच्या शिरा, जुन्या कौलांचा भुगा. आपण मेमध्ये झाडतो ती पन्हळ, छप्पर नाही. मग वळवाची एक जोराची सर येते आणि वरचं सगळं तासाभरात पन्हळीत उतरतं. सोबतच्या वाऱ्याने झाडावरची देठाशी सुटलेली जुनी पानं आणि वाळक्या काटक्याही पाडलेल्या असतात. म्हणजे मृग लागतो तेव्हा पन्हळ परत भरलेली असते, आणि आता त्यातला पाचोळा ओला असून त्यात माती कालवलेली असते.

हा ओला थर पन्हळीतून पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी कसा बसतो ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आधी फणसाचं किंवा आंब्याचं एक पान पाण्याच्या ओढीने तोंडावर आडवं चिकटतं. त्याच्या कडेला मोहोराच्या काड्या अडकून जाळं तयार होतं. त्या जाळ्यात बारीक माती गाळली जाते. दोन पावसांत तीन-चार बोटं जाडीची चकती तयार होते. हाताने उचलली तर थापलेल्या शेणीसारखी अख्खी निघते आणि खालच्या बाजूला पाइपाच्या तोंडाचा गोल ठसा उमटलेला असतो. बाकीची वीस फूट पन्हळ स्वच्छ असली तरी या एका चकतीमुळे ती निकामी होते. घराशेजारी पोफळी असतील तर एवढंही लागत नाही. एक विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचा रुंद देठ, गळून पन्हळीत आडवी बसली की तिथेच बांध पडतो.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराची एक बाजू ६० चौरस मीटर धरा. तासाला ५० मिमीच्या गतीने पाऊस लागला तर त्या एका पन्हळीतून मिनिटाला ५० लिटर पाणी जायला हवं, म्हणजे दर मिनिटाला तीन-चार घागरी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तेवढ्या पावसात अशा छपराच्या एका बाजूने साडेछप्पन्न हजार लिटरच्या वर पाणी उतरलं असतं. रोज एवढा पाऊस नसतो, पण कोकणात आणि गोव्यात तासाला ५० मिमीची सर काही नवलाची नाही.

आणि पाणी नुसतं सांडून जातं असंही नाही. १५ सेंटीमीटर रुंद, १२ सेंटीमीटर खोल आणि ६ मीटर लांब पन्हळ काठोकाठ भरली की तिच्यात १०८ लिटर पाणी, म्हणजे १०८ किलो वजन. वर चिखल वेगळा. दोन आधारांमध्ये चार-चार फूट अंतर असेल तर पन्हळ मधेच झोळासारखी वाकते आणि तो झोळ पाऊस ओसरल्यावरही तसाच राहतो. पुढे तिथे कायमचं पाणी साचतं. पाणी साचलं की गाळ बसतो, गाळ बसला की गवत उगवतं, पक्ष्याने टाकलेलं पिंपळाचं बी रुजतं. अशा साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची सगळी वाढ पुरी होऊ शकते. अंगणातली करवंटी आपण पालथी करतो आणि डोक्यावरची वीस फुटांची करवंटी भरलेली ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भरलेली पन्हळ पुढच्या काठावरून सांडली तर नशीब चांगलं. पुष्कळ ठिकाणी मागचा काठ खाली असतो. मग पाणी वाशांच्या टोकांवर आणि भिंतीवर जातं. जांभ्याचा चिरा पाणी पितो. आतल्या बाजूने गिलावा फुगतो तेव्हा आपण दोष देतो रंगाला. वाशांची टोकं कुजतात, ओल्या लाकडाला वाळवी धरते. हे सगळं व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात, त्यामुळे कारण पन्हळ आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

साफ करायची पद्धत. सुरुवात पाइपाच्या तोंडाकडून करा. तिथला गाळ हाताने काढा आणि लगेच तोंडात जुन्या कापडाचा बोळा घट्ट बसवा, म्हणजे पुढचं काही आत जाणार नाही. मग हातहात करत लांबच्या टोकापर्यंत जा. पाचोळा खाली भिरकावू नका. शिडीला आकड्याने बादली अडकवा आणि तिच्यात भरा. पत्र्याच्या पन्हळीला लोखंडी खुरपं लावू नका. जस्ताचा थर खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचा तळ तिरका कापला की छान सुपडं होतं, पन्हळीच्या आकाराला वाकतंही. आधी पाणी मारून गाळ पाइपातून घालवायचा हा सगळ्यात वाईट मार्ग. गाळ दिसेनासा होतो इतकंच, पण पाइपाच्या खालच्या बाकाशी, म्हणजे वळणाशी, जाऊन बसतो.

सगळं काढून झालं की बोळा काढा आणि लांबच्या टोकाला एक पूर्ण बादली, पंधरा-वीस लिटर, एकदम ओता. नळीने धार धरून हे कळत नाही, बादलीच हवी. पाणी न थांबता गेलं पाहिजे आणि संपल्यावर कुठेही डबकं राहता कामा नये. राहिलं तर तिथे काठावर खडूने खूण करा, कारण तिथला आधार उचलायचा आहे. उतार दर तीन मीटरला दीड ते तीन सेंटीमीटर पुरतो. आधार दोन ते अडीच फुटांवर एक असावेत.

पाणी पाइपाच्या तोंडाशी गुडगुडत परत वर आलं तर अडथळा खाली बाकात आहे. त्यात सळई घालू नका, पीव्हीसीचा बाक फुटतो किंवा सांधा निखळतो, आणि तो भिंतीच्या बाजूने निखळला तर कळणारही नाही. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, लवचीक कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग घाला. नवीन पाइप लावताना खालच्या वळणावर डोअर बेंड बसवून घ्या, म्हणजे ज्याला उघडता येईल असं झाकण असतं तो. खर्च फारसा वाढत नाही आणि पुढची सगळी वर्षं खाली उभं राहून पाइप मोकळा करता येतो. आणि चार इंची पाइपाला मधेच तीन इंची जोडू देऊ नका. तीन इंची पाइपाचं तोंड चार इंचीच्या जेमतेम ५६ टक्के असतं. शिवाय जिथे पाइप अरुंद होतो तिथेच पान अडकतं.

जाळीबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. पूर्ण पन्हळीवर हिरवी शेडनेट किंवा बारीक जाळी ताणली की काम संपतं, असं विकणारे सांगतात. ओलं पान जाळीवर चिकटतं, त्यावर दुसरं, आणि मग पत्र्यावरून वेगाने आलेलं पाणी जाळीत उतरतच नाही, वरून घसरून अंगणात पडतं. चिंच, गुलमोहर, सुरू यांची पानं इतकी बारीक की ती जाळीतून आत जातात आणि मग साफ करायला आधी जाळी सोडवावी लागते. घराभोवती साग, फणस, देशी बदाम अशी मोठ्या पानांची झाडं असतील तर मोठ्या भोकांची जाळी उपयोगी, तीही हाताने उचलता येणारी, स्क्रूने ठोकलेली नव्हे. पण कुठलीही जाळी लावली तरी वर चढणं टळत नाही.

खरा उपयोग होतो तो पाइपाच्या तोंडातल्या उभ्या जाळीचा. सपाट जाळी घेऊ नका, ती एका पानाने झाकली जाते. घुमटासारखी किंवा नळकांड्यासारखी उभी घ्या. पानं तिच्या पायाशी साठतात आणि पाणी वरच्या भोकांतून जात राहतं. घरीही करता येते: अर्धा इंच चौकटीच्या जाळीचा १५ इंच लांब, ७ इंच उंच तुकडा घ्या, गुंडाळी करा, वरच्या कडेच्या तारा आत दुमडून तोंड बंद करा. चार इंची पाइपात ती दोन इंच आत जाते, बाकीची वर राहते, आणि स्वतःच्या ताणाने धरून बसते. समुद्राकाठी स्टेनलेसचीच जाळी घ्या, साधी लवकर गंजते.

पीव्हीसीच्या पन्हळी हल्ली बऱ्याच घरांना दिसतात. त्यांचे सांधे गोंदाने पक्के करायचा मोह होतो. सहा मीटरची पीव्हीसी पन्हळ थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत एक सेंटीमीटरभर लांब-आखूड होते. म्हणून सांध्याला रबरी पट्टी आणि सरकायला जागा असते. ती जागा बंद केली की तडा ठरलेला. पत्र्याच्या पन्हळीचा सांधा गळत असेल तर गंज तारेच्या ब्रशने काढून, पूर्ण कोरडा करून मगच सिलिकॉन भरा. ओल्या पत्र्यावर ते धरत नाही, म्हणून हे काम मेमध्येच होतं, जुलैत नाही.

शिडी पन्हळीला टेकवू नका. पीव्हीसी फुटते, पत्रा दबतो आणि शिडी आडवी सरकते. भिंतीला टेकवा, १२ फूट उंचीला पाय भिंतीपासून ३ फूट बाहेर. खाली एक माणूस शिडी धरून उभा हवा, मोबाइल खिशात ठेवून. खांबावरून घरात येणारी विजेची वायर बहुतेक वेळा वळचणीजवळच असते, तिच्या बाजूला ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नका. हातमोजे घाला: पाचोळ्यात विंचू असतो, वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं असतं. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका, जुना झालेला पत्रा कसलीही सूचना न देता तुटतो. हे काम मजुरीवर करून घेत असाल तरी हे सगळं लागू आहे. शेवाळलेल्या छपरावर पावसात माणूस चढवणं हा गुन्हाच मानावा.

बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी पन्हळीच्या जागी गच्चीवरची पाइपांची तोंडं धरावीत. तिथे पाचोळ्याच्या जोडीला कबुतरांची पिसं, कुंड्यांमधली माती आणि हमखास एक प्लास्टिकची पिशवी असते. १०० चौरस मीटर गच्चीवर वीतभरही नाही, १५ सेंटीमीटर पाणी साचलं तर स्लॅबवर १५ टन वजन येतं. सोसायटीने जूनमध्ये दर आठवड्याला वॉचमनकडून ती तोंडं तपासून घ्यावीत, आणि कुंड्या तोंडापासून तीन-चार फूट लांब हलवाव्यात.

तर वेळापत्रक माझ्या मते असं. मे अखेरीस पन्हळीआधी छप्पर झाडा, विशेषतः दोन छपरांमधली घळ. पहिल्या दोन-तीन सरींनंतर उघडीप मिळाली की परत वर, आणि हीच फेरी चुकवायची नाही. तिसरी फेरी गणपतीच्या आधी; तोवर शेवाळ आणि रोपं आलेली असतात. पिंपळ चार पानांचा असेपर्यंत मुळासकट निघतो, पुढे नाही. दसऱ्यानंतर शेवटचा गाळ काढून पन्हळ कोरडी ठेवा, कारण पत्र्याला गंज चढतो तो त्या दमट गाळाखालीच. निघालेला गाळ माडाच्या आळ्यात टाकला तरी चालतो, फक्त छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं नसावं, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

आणि रात्री मुसळधार पावसात पन्हळ भरून वाहायला लागली तर वर चढू नका. डोअर बेंड असेल तर बाजूला उभं राहून त्याचं झाकण हळूहळू सैल करा, कारण तीन मीटर उंचीच्या चार इंची पाइपात पंचवीसेक लिटर पाणी उभं असतं आणि ते एकदम अंगावर येतं. झाकण उघडल्यावर पाणी जोरात आलं तर अडथळा त्या बाकात किंवा त्याच्या खाली आहे. खालून कामटी घालून काढा. पाइप रिकामा निघाला तर अडथळा त्याच्या वर आहे, बहुतेक तोंडाशीच, आणि सकाळपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. तोवर भिंतीलगतचं सामान हलवा. उजाडल्यावर तोंडाशी नेमकं काय अडकलं होतं ते फेकण्याआधी नीट बघा: मोठं पान होतं, बारीक माती होती की विरी. तोंडाला जाळी कुठली बसवायची आणि कुठल्या झाडाची फांदी आधी छाटायची, ते त्यावरून ठरतं.